सरांच्या नावावर एकच सामना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॅसिलॉन नावाचं गाव आहे, पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलं. १९३२ साली तिथल्या वॉशिंग्टन हायस्कूलचा फुटबॉल संघ पॉल ब्राउन नावाच्या तरुणाकडे सोपवला गेला. तो त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. हा फुटबॉल आपला नव्हे. हेल्मेट आणि खांद्यांवर गाद्या चढवून, लांबट चेंडू कवटाळून, समोरच्याला आडवं करत पुढे सरकायचा हा त्यांचा खेळ. ब्राउनच्या नऊ हंगामांत शाळेने ८० सामने जिंकले, ८ गमावले आणि २ बरोबरीत सोडवले. पुढे तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि १९४२ मध्ये त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर क्लीव्हलंडला जो व्यावसायिक संघ उभा राहिला, त्याचं नावच ‘ब्राउन्स’ पडलं. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचा कोच एडी रॉबिन्सन याने १९४१ ते १९९७ ही वर्षं एकाच कॉलेजात काढली. त्याच्या खात्यावर ४०८ विजय आहेत. तिथे शाळा-कॉलेजच्या कोचच्या नावापुढे जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांची बेरीज असते, आणि ती बेरीज म्हणजेच त्याची कारकीर्द.

आपल्याकडे अशी वही कोणी घातलेली नाही. शाळकरी पोराने द्विशतक ठोकलं तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पोराचं नाव येतं, शाळेचं येतं, क्वचित आईवडिलांचा फोटोही येतो. कोच असतोच कुठेतरी, फोटोच्या कडेला, टोपी घालून. शालेय प्रशिक्षकांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा पहिली अडचण हीच आली. ज्याच्या नावावर धावा नाहीत, बळी नाहीत, जय-पराजयही नाहीत, त्याची कारकीर्द मोजायची कशी? यावर मला सापडलेला उत्तराचा धागा रमाकांत आचरेकरांपाशी सुरू होतो आणि माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या नेरुळच्या स्टेडियमपर्यंत येतो. तो धागा म्हणजेच ही प्रस्तावना.

आचरेकर सरांबद्दल मराठीत इतकं लिहून झालंय की त्यांचं नाव काढताच वाचकाच्या डोळ्यांपुढे स्टम्पवरचं नाणं आणि स्कूटरवर मागे बसलेला कुरळ्या केसांचा मुलगा उभा राहतो. ते चित्र खोटं नाही, पण त्यात सर म्हणजे सचिन तेंडुलकरच्या गोष्टीतलं पहिलं प्रकरण होऊन बसतात. त्यांची स्वतःची गोष्ट वेगळी आहे आणि तिची सुरुवात एका रिकाम्या रकान्याने होते. १९३२ साली मालवणकडे जन्मलेला हा माणूस मुंबईत क्लब क्रिकेट खेळला, स्टेट बँकेत नोकरीला लागला, आणि १९६३-६४ मध्ये मोइनुद्दौला करंडकात स्टेट बँकेच्या संघातून हैदराबादविरुद्ध एक प्रथम श्रेणीचा सामना खेळला. पहिला आणि शेवटचा. आकडेवारीच्या पुस्तकात आचरेकर एवढेच. त्यानंतर भारताला एकामागून एक कसोटीपटू देणाऱ्या माणसाची नोंद त्याच्या खेळाच्या रकान्यात या एका ओळीवर संपते. यात मला तरी दुःखाचं काही वाटत नाही. उलट आपण खेळाडू म्हणून कुठवर जाणार हे ज्याला वेळेत कळलं, त्यालाच दुसऱ्याच्या खेळाकडे स्वच्छ नजरेने बघता आलं असावं.

बँकेची नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ शिवाजी पार्कवर कामथ मेमोरियल क्लबचं नेट लावायचं, दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ बांधायचा, हा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. अमेरिकेतला शाळेचा कोच शाळेचा पगार घेतो. गावाने त्याच्यासाठी स्टेडियम बांधलेलं असतं आणि शुक्रवारी रात्री सगळा गाव तिथे जमतो. आपल्याकडचा कोच बहुधा बँकेत, रेल्वेत, बंदरात किंवा गिरणीत चाकरी करणारा. त्याचं क्रिकेट हजेरीपटाच्या आधी आणि नंतर. मुंबईच्या मैदानी क्रिकेटचा निम्मा इतिहास बँकांच्या आणि कंपन्यांच्या क्रीडाविभागांनी आपल्या पगारपत्रकावर पोसला, ही गोष्ट क्रिकेटवरच्या लेखनात उगाचच तळटीपेत जाते.

सर शिकवायचे काय? बॅट कशी धरायची, पाय कुठे न्यायचा हे तर होतंच. पण त्यांचा खरा भर सामन्यांवर होता. नेटमध्ये चूक झाली तर पुढचा चेंडू मिळतो, सामन्यात चूक झाली की झाडाखाली जाऊन बसावं लागतं. म्हणून पोरांना जितके सामने खेळवता येतील तितके खेळवायचे. मे महिन्याच्या सुट्टीतला त्यांचा दिवस तेंडुलकरने आपल्या आत्मचरित्रात मांडलाय : सकाळी साडेसातपासून नेट, मग दुपारभर सराव-सामना, पाच वाजता पुन्हा नेट, आणि अगदी शेवटी ते नाण्याचं सत्र. साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सामने. आता हे सामने आभाळातून पडत नाहीत. समोरचा संघ ठरवायचा, पिच मिळवायची, दोन अंपायर उभे करायचे, बॉल आणायचा, कोणाला कितव्या नंबरला पाठवायचं हे दोन्हीकडच्या कॅप्टनशी बोलून ठेवायचं. पोरगा एका सामन्यात लवकर बाद झाला तर त्याला स्कूटरवर घालून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, तिथे कोणाला तरी पटवून त्याला पॅड बांधायला लावायचं. गुरू म्हटलं की आपल्याला उपदेश आठवतो. या गुरूचा बराचसा दिवस सामने ठरवण्यात, म्हणजे शुद्ध व्यवस्थापनात जात होता.

नाण्याच्या सत्राकडेही एकदा नीट बघायला हवं. मधल्या स्टम्पवर एक रुपया. मैदानावर साठ-सत्तर पोरं क्षेत्ररक्षणाला. गोलंदाज बदलत राहणार, दिवसभर खेळून दमलेला फलंदाज मात्र तोच. झेल कुठेही गेला, पार मैदानाच्या कडेला जरी गेला, तरी बाद. बाद केलं तर रुपया गोलंदाजाचा. पंधरा मिनिटं टिकला तर फलंदाजाचा. अकरा जणांतून जागा शोधायची सवय असलेल्या पोराला इथे चेंडू जमिनीवरच ठेवावा लागतो, दुसरा उपायच नाही. ‘उचलून मारू नकोस’ हे हजारदा सांगण्याऐवजी सरांनी उचलून मारणं परवडणारच नाही अशी परिस्थिती उभी केली. तेंडुलकरने असे तेरा रुपये जपून ठेवले आहेत. सर स्वतः सामन्याच्या वेळी बहुधा दिसायचेही नाहीत. झाडाआड नाहीतर साइटस्क्रीनच्या मागे उभे राहून कागदाच्या चिठोऱ्यांवर चुका टिपायच्या आणि संध्याकाळी एकेकाला बोलावून वाचून दाखवायच्या. ‘छान खेळलास’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. फार खूश असले तर भेळ किंवा पाणीपुरी मिळायची, तीही कारण न सांगता.

हॅरिस शील्ड १८९७ पासून चाललेली, गाइल्स शील्ड १९०१ पासूनची. वयाने रणजी करंडकाहूनही थोर असलेल्या या दोन शालेय स्पर्धा म्हणजे मुंबईच्या क्रिकेटचा कणा. त्यातल्या हॅरिस शील्डमधला फेब्रुवारी १९८८ चा आझाद मैदानावरचा सामना सर्वांना तोंडपाठ आहे. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, दोघांची न तुटलेली भागीदारी ६६४, डाव घोषित २ बाद ७४८. झेवियर्सच्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. डाव घोषित करा म्हणून सीमारेषेवरून हाका आणि हातवारे चालले होते आणि दोघं तिकडे बघतच नव्हते, हेही सांगून झालंय.

माझ्या दृष्टीने या सामन्यातला महत्त्वाचा मुलगा तिसरा. तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार पॅड बांधून बसला होता, पुढचा नंबर त्याचा. तो बसूनच राहिला. ६६४ धावा होईपर्यंत बसला आणि मग डावच घोषित झाला. या प्रसंगाचा पुढे फार वापर झाला, कारण मुजुमदारची सगळी कारकीर्दच जणू त्या बाकावर बसून गेली. १९९३-९४ च्या हंगामात रणजी पदार्पणातच फरीदाबादला हरियाणाविरुद्ध २६० धावा. प्रथम श्रेणीतल्या पदार्पणाचा तो विश्वविक्रम २०१८ पर्यंत टिकला. पुढे अकरा हजारांवर धावा आणि तीस शतकं. भारताची टोपी मात्र नाही. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि शाळेतला तोच जुना मित्र. पत्रकारांनी त्याला दुर्दैवी म्हणून घोषित केलं आणि आपापल्या कामाला लागले.

आता सरांच्या विद्यार्थ्यांकडे कसोटीपटू म्हणून न बघता कोच म्हणून बघू या. २००६-०७ चा रणजी हंगाम. मुंबई पहिले तीन सामने हरलेली, गुणतक्त्याच्या तळाशी. कर्णधार अमोल मुजुमदार, प्रशिक्षक प्रवीण आमरे. दोघंही आचरेकरांचे. त्या हंगामाचा करंडक मुंबईने उचलला. मग जून २०२२, बंगळुरूचं चिन्नास्वामी, रणजीची अंतिम लढत मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक म्हणून मुजुमदार, समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये चंद्रकांत पंडित, तेही सरांचेच. पंडितांनी त्याआधी विदर्भाला लागोपाठ दोनदा, २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये, रणजी विजेता केलं होतं. ज्या विदर्भाला तोवर कोणी गंभीरपणे घेत नव्हतं, तो विदर्भ. १९९८-९९ चा अंतिम सामना याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून पंडित हरले होते. या वेळी मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गड्यांनी हरवून आपला पहिला रणजी करंडक मिळवला. शिवाजी पार्कच्या एकाच नेटमधून निघालेले दोघे जण समोरासमोर, एकाच्या हाती करंडक, दुसऱ्याच्या हाती काही नाही. लालचंद राजपूत २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वविजेत्या भारतीय संघाचे व्यवस्थापक होते आणि अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक. रमेश पोवारने भारतीय महिला संघाला शिकवलं. यादी आणखी वाढवता येईल, पण मुद्दा यादीचा नाही.

मुद्दा हा की खेळाडू घडवणारे कोच पुष्कळ झाले. ज्याच्या हाताखालून इतके कोच निघाले असा माणूस विरळा. याचं कारण माझ्या मते त्या सामन्यांच्या पद्धतीत आहे. जो मुलगा दिवसाला एक या हिशेबाने सामने खेळतो, तो फलंदाजीबरोबर नकळत सामना वाचायला शिकतो : कोणाला कधी गोलंदाजी द्यावी, कोण दमलाय, कोण घाबरलाय, डाव कधी सोडावा. आणि जो पॅड बांधून तासन्‌तास बसतो, तो तर दुसरं काही करूच शकत नाही. बघत राहतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्व बाद २४६. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी. पावसाने सामना उशिरा सुरू झालेला, संपेस्तोवर मध्यरात्र उलटून गेली. संघाचा मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची नेमणूक झाली तेव्हा, जो देशासाठी खेळलाच नाही तो देशाचा संघ काय शिकवणार, असं विचारणारे होतेच. या स्पर्धेतही साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाले होते. पुन्हा तीन! ज्याने २००६ मध्ये तीन पराभवांच्या खड्ड्यातून संघ बाहेर काढला होता, त्याला या आकड्याची भीती वाटली नसावी. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग होता. त्या वेळी त्याने फळ्यावर एवढंच लिहिलं होतं की अंतिम फेरीसाठी त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बाकी काही नाही. चिठोऱ्यांवर चुका टिपणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या सरांचा विद्यार्थी शोभतो. विजयानंतर हरमनप्रीत कौर वाकून त्याच्या पाया पडली, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. सर त्याआधी २ जानेवारी २०१९ ला गेले होते.

हे सगळं मी कोपरखैरण्यात बसून लिहितोय आणि त्याचा या प्रस्तावनेशी संबंध आहे. नेरुळ आमच्या याच ट्रान्स-हार्बर लाइनवर. मोठं स्टेडियम नवी मुंबईच्या वाट्याला आलं, शिवाजी पार्क मात्र आलं नाही. सिडकोने शहर आखलं ते सेक्टर पाडून. शाळेला भूखंड, उद्यानाला भूखंड, खेळाच्या मैदानाला भूखंड, प्रत्येकाला कुंपण आणि गेट. शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने एकमेकांत घुसून चालू असतात, एका सामन्याचा मिडविकेट दुसऱ्याचा थर्डमॅन असतो. अशा गोंधळातच एका कोचला पन्नास पोरं सांभाळता येतात आणि एका सामन्यातून बाद झालेल्याला दुसऱ्यात ढकलता येतं. आखीव सेक्टरमधल्या मैदानात एकच सामना मावतो, तोही संध्याकाळी मंडप पडलेला नसेल तर.

त्यामुळे आमच्याकडच्या पोराला क्रिकेटचं वेड लागलं की पहिला प्रश्न उभा राहतो तो शाळेचा. तेंडुलकरने वांद्र्याची शाळा सोडून दादरची धरली कारण सरांनी तसं सुचवलं. कोपरखैरण्याच्या पोराला घणसोली, रबाळे, ऐरोली करत आधी ठाणं गाठावं लागतं, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेची दादर लोकल पकडावी लागते. किटबॅग उभी केली तर त्याच्या छातीएवढी. ती घेऊन सकाळच्या गर्दीत डब्यात शिरणं हे कसोटीतला पहिला तास खेळून काढण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. लगेजच्या डब्यात पाट्या-टोपल्यांच्या मधे बॅग टाकून, तिच्यावरच बसून अभ्यासाचं पुस्तक उघडलेली पोरं मी पाहिली आहेत. सोबत बरेचदा आई असते.

इथल्याच गावठाणात आणि माथाडी वसाहतीत दुसरं एक जग आहे. कोपरखैरणे, बोनकोडे, घणसोली ही मुळात आगरी-कोळ्यांची गावं. त्यांच्या शेजारी सिडकोच्या बैठ्या चाळींत साताऱ्या-सांगलीकडून आलेली माथाडी कामगारांची कुटुंबं राहायला आली. दोन्हीकडे कबड्डी रक्तातली. इथला कोच दिवसा बाजार समितीत किंवा एमआयडीसीत कामाला आणि संध्याकाळी मैदानावर पाणी मारून, खडे वेचून, चुन्याची रेघ ओढणारा. त्याला लागून शाळेतले पीटीचे सर. जिल्हा क्रीडा स्पर्धेचे फॉर्म भरायचे, वयाचे दाखले गोळा करायचे, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव वेळेत पाठवायचे, मधेच निवडणुकीच्या ड्युटीला जायचं, आणि गणिताच्या बाईंनी पीटीचा तास मागितला की हसून देऊन टाकायचा. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, १९९० मध्ये आचरेकर सरांना मिळाला. पण पीटीच्या सरांपर्यंत पुरस्काराची समिती पोचत नाही, कारण त्यांचा विद्यार्थी नाव करायच्या आधीच दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. शाळेचा कोच ही नोकरीच अशी आहे की काम जमलं तर माणूस हातचा जातो.

या पुस्तकाच्या वाचकाने एक सावधगिरी बाळगावी असं मला वाटतं. गुरूंच्या आठवणींना आपल्याकडे चटकन उदबत्ती लागते. आचरेकर सरांनी एका सामन्याला दांडी मारली म्हणून तेंडुलकरला थप्पड मारली, हे तेंडुलकर कृतज्ञतेने सांगतो आणि आपण माना डोलावतो. ती थप्पड ज्याला लागू पडली त्याने ती सांगितली. ज्यांना लागू पडली नाही, ती पोरं सांगायला उरली नाहीत. नाण्याच्या सत्रात एकाच्या फलंदाजीसाठी साठ-सत्तर जण पळत होते. त्यांच्यातल्या कितींना कधी मधल्या स्टम्पसमोर उभं राहायला मिळालं, हे विचारल्याशिवाय ती पद्धत थोर म्हणणं मला जमत नाही. हुशार पोराला जास्त सामने, जास्त नेट, जास्त स्कूटर. हे न्याय्य नव्हतं, परिणामकारक होतं. शाळेच्या कोचला रोज या दोहोंत निवड करावी लागते आणि सर बिनदिक्कत करत.

दुसरं म्हणजे कोचच्या हाताची लांबी. त्या ६६४ मधला जास्त धावा केलेला मुलगा विनोद कांबळी. सतरा कसोटी, सरासरी ५४ च्या पुढे, लागोपाठ दोन द्विशतकं, आणि चोविसाव्या वर्षाच्या आत शेवटची कसोटी. दोघं एकाच नेटमधले, एकाच शाळेचे, एकाच सरांचे. सरांचं श्रेय एकात धरायचं आणि दुसऱ्यात विसरायचं, असा हिशेब चालणार नाही. तसंच दुसऱ्याचा दोष त्यांच्या माथी मारणंही. चौदा-पंधराव्या वर्षी बॅट सरळ येते आहे की नाही एवढं शाळेच्या कोचच्या हातात असतं, पंचविसाव्या वर्षाचं काही नसतं. मॅसिलॉनमध्ये पॉल ब्राउनचा हिशेब हंगामाच्या शेवटी मिटत होता. आपल्याकडचा तो पन्नास वर्षं उघडा राहतो आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी कोचच्या पश्चात होतात.

पुढची प्रकरणं वाचताना माझी लेखकाशी एक तक्रार कायम राहिली, ती इथेच नोंदवतो. संघांचे धावफलक भरपूर आहेत, पण कोणत्या वर्षी कोणत्या शाळेचा संघ कोणी शिकवला याचा तक्ता नाही. शाळांच्या वार्षिक अंकांत, स्नेहसंमेलनाच्या अहवालांत, जुन्या फोटोंखालच्या टंकलिखित पट्ट्यांत ही नावं अजून मिळतात. पुढच्या आवृत्तीत तो तक्ता यावा, आणि तो करताना दादर-माटुंग्याला न थांबता खाडी ओलांडून इकडेही यावं.